गाडी होती तशी

कारखान्यात बळवंत संखेला बळवंत म्हणून कुणी हाक मारत नसे. साहेब लोक 'संखे' म्हणत आणि उत्तरेकडचे ऑपरेटर 'जंपर चाचा' म्हणत. यातलं दुसरं नाव त्याला मनापासून आवडायचं. कुणाला पदवी कॉलेजातून मिळते. याला ती वायरच्या तुकड्यावरून मिळाली होती, आणि फुकट मिळाली नव्हती.

तारापूर एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात तो इन्स्ट्रुमेंट फिटर होता. माल जास्त तापला, दाब वाढला, टाकी भरली की आपोआप मिटणाऱ्या झडपा तिथे जागोजागी असतात. त्या सांभाळणं हे त्याचं काम. आता तिथली हवा कशी आहे ते बोईसरच्या माणसाला सांगायला नको. दोरीवर वाळत घातलेला पांढरा बनियन संध्याकाळपर्यंत रंग बदलतो, तिथे तांब्याच्या तारा आणि पितळेची टोकं काय टिकणार! झडपा खोटं बोलायला लागत. सगळं थंडगार असताना 'तापलं, तापलं' म्हणून काम बंद पाडत. मग शिफ्टचे साहेब धावत यायचे, "संखे, बघ बाबा काय नाटक आहे ते," आणि बळवंत खिशातून वायरचा तुकडा काढून दोन टोकं परस्पर जोडून द्यायचा. झडपेची समजूत पटे की सगळं आलबेल आहे. प्लांट चालू होई. याला जंपर मारणं म्हणतात, आणि जंपर मारण्यात बळवंतचा हात धरणारा दुसरा माणूस त्या गल्लीत नव्हता.

वर्षातून कधीतरी तपासणीवाले येत. ते येणार ही बातमी त्यांच्या आधी गेटवर पोचलेली असे. मग बळवंतची धांदल उडे. सगळे जंपर काढायचे, प्रत्येक झडप कंपनीकडून आली होती तशी जोडायची, वरची धूळ पुसायची. साहेबांचा एकच हुकूम असायचा, "होतं तसं करून ठेव." तपासणीवाले डोक्यावर टोपी चढवून फिरत, बोट दाखवून विचारत, "हे आहे?" "आहे." "ते आहे?" "आहे." झडप खरोखर चालते का हे चालवून कुणी बघत नसे. चालवून बघायचं तर प्लांट थांबवावा लागतो, आणि तेवढा वेळ कुणाकडे असतो? समोसे खाऊन मंडळी गेली की जंपर परत आपापल्या जागी. बळवंत तसा सरळ माणूस. एसटीत बिनतिकिटाचा कधी चढला नसेल. पण या कामात काही वाकडं आहे असं त्याला आयुष्यात वाटलं नाही. लग्नाला जाताना माणूस दाढी करतो, त्यात कुणाला काय वाटतं? तसंच ते.

घर बेटेगावला, चिल्हार रस्त्यापासून थोडं आत. घरात बायको शालू, मुलगा प्रीतम आणि सून कीर्ती. प्रीतम एका औषधाच्या कंपनीत पॅकिंगला होता. बाप-लेकांचं भांडण असं नव्हतंच. बोलणंच नव्हतं, तर भांडण कुठून होणार? प्रीतमला डिप्लोमा करायचा होता, बळवंतनं त्याला आयटीआयला घातलं, तेव्हापासून दोघांमधलं सगळं शालूमार्फत चाले. "त्याला सांग, गॅस संपलाय." "त्यांना सांग, आणतो." आणि मित्रांसमोर कुणी जंपर चाचाचं नाव काढलं की प्रीतम विषय बदलायचा, हेही बळवंतला कळत होतं. तो बोलायचा नाही, पण त्याला ते लागायचं.

मधल्या काळात प्रीतमनं अणुशक्तीच्या कॉलनीतल्या एका माणसाकडून जुनी मोटरसायकल घेतली. दिसायला देखणी, काळीभोर, आणि एका खोडीची. मूठ पिळली की क्षणभर काही म्हणजे काही व्हायचं नाही. गाडी घुटका गिळायची, श्वास अडकल्यासारखी थांबायची आणि मग एकदम हिसका देऊन सुटायची. कीर्तीचं कपाळ दर वेळी प्रीतमच्या हेल्मेटवर आपटे. "मी चालत येते, पण त्या गाडीवर बसायची नाही," असं तिनं जाहीर करून टाकलं. गावचा रस्ता मोठ्या रस्त्याला मिळतो तिथे टँकर, ट्रेलर आणि कंपन्यांच्या बसगाड्या एकापाठोपाठ येत असतात. तिथे क्षणभर थांबणारी गाडी कशाला हवी!

प्रीतमनं सर्व्हिसवाल्यांकडे खेपा घातल्या. त्यांनी प्लग बदलला, फिल्टर बदलला, बाकी काय काय साफ केलं. शेवटी म्हणाले की दोष सीटखालच्या हवेच्या डब्यात आहे, आख्खा डबा बदलावा लागेल, आणि कंपनीनं हे मॉडेल बंद केल्यामुळे तो डबा आता मिळत नाही. निदान अचूक होतं, औषध नव्हतं.

एका रविवारी बळवंत जेवत असताना प्रीतम दारात येऊन उभा राहिला. शालूकडे न बघता थेट बापाला म्हणाला, "बाबा, जरा गाडी बघता का?"

बळवंतनं ताटातला भात तसाच ठेवून हात धुतले. शालू ओरडली, "अवो, जेवून तरी घ्या." पण ती ओरडली तरी तिचे डोळे हसत होते.

अंगणात फणसाखाली गाडी उभी केली. बळवंतनं सीट काढली, डबा उघडला, आत बोट घालून चाचपलं आणि एकदम हसला. "आरं, हा तर आमच्यातलाच हाय!"

"कोण?"

"सोलेनॉइड."

इंजिनाला हवा जाते त्या डब्याच्या तोंडाशी एक लहानशी झडप होती. गाडी हळू चालताना आवाज कमी यावा म्हणून ती अर्धी मिटून राहायची, आणि मूठ पिळली की सोलेनॉइड तिला ओढून सताड उघडायचा. सोलेनॉइड म्हणजे काय, तर तांब्याच्या तारेची गुंडाळी. वीज आली की मधली लोखंडी दांडी आत खेचते. कारखान्यात बळवंत दिवसभर त्यांच्यातच वावरायचा. तारापूरच्या खाऱ्या हवेनं या सोलेनॉइडची दांडी गंजली होती. मूठ पिळल्यावर इंजिनाला पेट्रोल वेळेवर मिळे, पण झडप उशिरा उघडल्यामुळे हवा उशिरा येई. गाडी घुटका गिळत होती ती त्यामुळे.

"मग आता?" प्रीतम म्हणाला.

"आता काय? याला नोकरीवरून काढायचा. झडप कायमची उघडी ठेवायची. आवाज थोडा वाढंल. तुला चालंल?"

"चालेल."

बळवंतनं सोलेनॉइडची पिन उपटली. झडप पूर्ण उघडून ती बारीक स्टीलच्या तारेनं डब्याच्या कडीला बांधली आणि पकडीनं पीळ दिला. गाडीच्या कॉम्प्युटरला सोलेनॉइड गायब झाल्याचा संशय येऊ नये म्हणून पिनेत एक रेझिस्टर खोचून दिला. प्रीतम उकिडवा बसून सगळं बघत होता, आणि मधूनच पकड, स्क्रू असं हातात देत होता. लहानपणी असाच बसायचा.

गाडी चालू करून तो मान गावाच्या दिशेनं गेला आणि वाऱ्यासारखा परत आला. हेल्मेट काढताना म्हणाला, "बाबा, मोकली झाली गाडी. मूठ पिळायची खोटी, की निघाली."

पुढे दोनेक महिने घरात जरा सण असल्यासारखं होतं. कीर्ती गाडीवर बसायला लागली. बाप-लेक बोलायला लागले, गाडीबद्दलच, पण बोलायला लागले. कंपनीतल्या पोरांना प्रीतम सांगतो की माझ्या बाबांनी केली, हे शालूच्या कानावर आलं आणि तिनं ते बळवंतला सांगितलं. बळवंत "हं" म्हणाला आणि उगाच मोरीत जाऊन तोंड धुऊन आला.

मग तो दिवस आला. प्रीतमची सेकंड शिफ्ट होती. जेवून घरातून निघाला, आणि थोड्याच वेळात कुणीतरी धावत सांगायला आलं. गावच्या रस्त्यावरून मोठ्या रस्त्याला लागताना एका टँकरनं त्याला उडवलं होतं.

बळवंतची त्या दिवशी सुट्टी होती. तो पोचला तेव्हा प्रीतमला रिक्षात घालून नेलं होतं, आणि रहदारी मोकळी व्हावी म्हणून लोकांनी गाडी उचलून कडेला टाकली होती. टँकरचा ड्रायव्हर पोलिसाला सांगत होता, "साहब, बीच रोड में आके गाड़ी रुक गई इसकी। मैं क्या करता?" पाहणारं दुसरं कुणी नव्हतं. वडापावच्या टपरीवरचे लोक आवाज ऐकून नंतर धावले होते. बळवंतनं खाली बघितलं. दिव्याच्या काचा प्रीतमच्याच बाजूला, रस्त्याच्या पार कडेला पडल्या होत्या. म्हणजे टँकरच आपली बाजू सोडून आला होता. पण त्या काचांवरून तोवर कितीतरी चाकं गेली होती, आणि काचा कुठे पडल्या होत्या हे फक्त त्याच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

प्रीतमचा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. जीव वाचला. डोक्याला मार होता, त्यामुळे त्या दुपारचं त्याला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. आईनं डब्यात काय दिलं ते आठवत होतं, दारातून निघाल्याचं आठवत होतं. पुढे एकदम दवाखान्याचं छत.

दवाखान्याच्या जिन्यात बळवंत बसला होता तेव्हा शेजारचा दिनानाथ आला. हा पूर्वी त्याच्याच कारखान्यात होता. आता लोकांच्या गाड्यांचे विमे, लायसन असली कामं करायचा. माणूस प्रेमाचा. सल्ला देण्यात त्याचा हात सढळ होता.

"बळवंता," तो हळूच म्हणाला, "टँकरच्या विम्याकडून पोराला भरपाई मिलंल. पन मोठा साहेब येनार गाडी तपासायला. गाडीत काय बदल केलेला सापडला, तर हे लोक तेच धरून बसतात. क्लेम उडवतात. तू काय केलेला नाय ना गाडीत?"

बळवंतच्या डोक्यात एवढंच शिरलं की तपासणी येणार आहे.

गाडी पोलीस चौकीच्या मागच्या अंगणात पडली होती. मागचं चाक चेपलं होतं, दिवा गेला होता, पण इंजिनाला धक्का नव्हता. दुसऱ्या दिवशी बळवंत तिथे गेला आणि म्हणाला, सीटखाली पोराची कागदं आहेत, घेऊ का? हवालदार भला माणूस होता. "घ्या काका," म्हणाला आणि फोनवर बोलत दारातच उभा राहिला. बळवंतनं सीट उचलली. खिशात पकड होतीच, ती नसेल तर त्याला कपडे घातल्यासारखं वाटत नसे. एक डोळा हवालदाराच्या पाठीवर ठेवून त्यानं आत हात घातला. बोटांना काम पाठ होतं. रेझिस्टर उपटला, सोलेनॉइडची पिन जागच्या जागी बसवली, स्टीलची तार कापून मुठीत घेतली आणि सीट दाबून बंद केली. हवालदाराचं बोलणं अजून संपलं नव्हतं. कागद हातात घेऊन बळवंत बाहेर पडला, मुठीतली तार त्यानं गटारात टाकली, आणि प्रीतमचा अपघात झाल्यापासून पहिल्यांदा त्याला जरा हलकं वाटलं. पोरासाठी काहीतरी केलं होतं. गाडी होती तशी करून ठेवली होती.

तपासणीच्या दिवशी तो मुद्दाम हजर राहिला. परिवहन खात्याचा तरुण अधिकारी आला. त्यानं ब्रेक बघितले, हँडल बघितलं, चाक हलवून बघितलं. बळवंत शांत होता. अशा तपासण्या त्यानं जन्मभर पाहिल्या होत्या. 'हे आहे?' 'आहे.'

आणि मग अधिकाऱ्यानं चावी फिरवून गाडी चालू केली.

चालू करून बघतात हे बळवंतच्या ध्यानीमनी नव्हतं. त्याच्या उभ्या जन्मात एकाही तपासणीवाल्यानं काही चालू करून पाहिलं नव्हतं. अधिकाऱ्यानं मूठ पिळली. गाडीनं घुटका गिळला, श्वास अडकल्यासारखी थांबली आणि मग एकदम ओरडली. अधिकाऱ्यानं भुवया वर केल्या. पुन्हा पिळली. पुन्हा तेच.

"गाडी अडखळते," तो सोबतच्या पोलिसाला म्हणाला. "जुना दोष दिसतो. लिहून घ्या."

त्या क्षणी बळवंतनं पुढे होऊन ओरडायला हवं होतं, 'साहेब, दोष नव्हता, दोष मीच परत बसवला!' पण कुठल्या तोंडानं ओरडणार? माणसाला वेळेवर सुचत नाही, आणि सुचलं तर धीर होत नाही. तो हात मागे बांधून उभा राहिला. अधिकारी हात पुसून निघून गेला. त्यानं आपलं काम चोख केलं होतं. त्याला नावं ठेवायला जागा नव्हती.

पुढची गोष्ट सरळ उतरणीची आहे. भरपाईचा दावा लागला. टँकरच्या बाजूचं म्हणणं असं की मोटरसायकलला जुना दोष होता, चालवणाऱ्याला तो माहीत होता, सर्व्हिसवाल्यांकडच्या त्याच्या खेपाच ते सांगतात, तरी तो रहदारीत उतरला, आणि गाडी रस्त्याच्या मधोमध अडखळली. ड्रायव्हर पहिल्या दिवसापासून हेच सांगत होता. आता सरकारी तपासणीही तेच सांगत होती.

संखेंच्या बाजूनं पालघरच्या प्रतीक्षा चुरी वकील होत्या. बाई हुशार आणि स्पष्ट बोलणारी. एकदा प्रीतम आणि कीर्ती बाहेर रिक्षात बसल्यावर बळवंत एकटाच परत आत गेला आणि उभ्यानं सगळं सांगून मोकळा झाला. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"संखेकाका, हे तुम्ही कोर्टात सांगितलंत तर पहिला प्रश्न काय येईल माहीत आहे? पोलिसांच्या ताब्यातल्या गाडीला हात लावलात, म्हणजे पुरावा बदललात. तुमच्यावर वेगळीच केस होईल."

"होऊ दे. मी जाईन आत. पन पोराची चूक नव्हती एवढा तरी निकाल लागंल ना?"

"नाही लागणार." बाईंचा आवाज नरम झाला. "ते म्हणतील, बाप मुलासाठी खोटं बोलतोय. आणि खरं बोलतोय असं धरलं, तरी जो माणूस गपचूप पुरावा बदलतो त्याच्या शब्दावर न्यायाधीश का विसंबतील? तुमच्याकडे दाखवायला काय आहे?"

काय होतं? तार गटारात गेली होती. काचा चाकांखाली गेल्या होत्या.

"निदान गाडी आणून परत तसा करून दाखवतो. मूठ पिळली की कशी निघते ते बघू दे त्यांना."

"आज करून दाखवाल हो. त्या दिवशी तशी होती हे कसं दाखवाल?"

बळवंत परत आला तो मान खाली घालून. त्यानं शालूला सांगितलं. शालू भिंतीकडे बघत म्हणाली, "प्रीतमला सांगू नका. पाय गेला. आता बाप तरी ऱ्हाऊ दे त्याला." ती रडली नाही. रडली असती तर बळवंतला बरं वाटलं असतं.

तरी बळवंतकडे एक गोष्ट शिल्लक होती, आणि तिच्या जोरावर तो रोज उठून कामावर जात होता. जगानं काहीही म्हणावं, त्याला स्वतःला ठाऊक होतं की गाडी अडखळली नव्हती. काम त्याच्या हातचं होतं. झडप बांधलेली होती. पोरगा रस्त्यात थांबला नव्हता, टँकरनं येऊन उडवलं होतं. हे कुणाला पटवता येत नसेल तर न येवो. त्याला ठाऊक होतं.

पोलिसांनी सही घेऊन गाडी सोडली. दिनानाथनं ती टेम्पोत घालून आणली आणि फणसाखाली उभी करून गेला. दुपारची वेळ होती. प्रीतम कुबडी घेऊन पडवीत बसला होता. कीर्ती आत भांडी लावत होती. प्रीतम बराच वेळ गाडीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "चालू करा."

"ऱ्हाऊ दे रे."

"करा बाबा. मला ऐकायची हाय."

बळवंतनं चालू केली. मूठ पिळली. गाडीनं घुटका गिळला.

"बस करा," प्रीतम म्हणाला. त्याचा चेहरा शांत होता, बळवंतला वाटलं होतं त्यापेक्षा फारच शांत. "म्हंजे खरंच अडखळली. मी विचार करून करून थकलो. माझ्या मनात यायचं, मीच रस्ता बघितला नसंल. मोबाइल वाजला असंल. काय पन मनात यायचं." तो बापाकडे वळला. "बाबा, तुमची तार सुटली असनार. जाऊ दे. तुमी मुद्दाम थोडंच केलं? इतकी वर्षं हे काम करता, एकदा फसलं. मला राग नाय."

त्याला खरंच राग नव्हता. तेच बळवंतला सोसलं नाही. पोरगा त्याला माफ करत होता, आणि नेमकं त्याच कामाबद्दल, ज्यात त्याची काही चूक नव्हती. शालूनं सांगितलेलं सगळं विसरून तो पडवीच्या पायरीवर बसला आणि बोलायला लागला. तार सुटली नव्हती. चौकीत मी काढली. तपासणी येणार म्हणून मी गाडी होती तशी करून ठेवली. दिनानाथ, हवालदार, गटार, सगळं. "तुझी चूक नव्हती रे. गाडीची पन नव्हती. गाडी झकास होती. माझीच अक्कल शेण खायला गेली."

आतला भांड्यांचा आवाज थांबला होता. प्रीतम ऐकत होता. बळवंत बोलायचा थांबल्यावर त्यानं पॅकिंगच्या लाइनवर बिघडलेल्या मशीनबद्दल विचारावं तसं सरळ विचारलं,

"काढली तवा तार कशी होती?"

"कशी म्हंजे?"

"घट्ट होती का सैल? गाडी आपटल्यावर तुमी पहिल्यांदा हात घातला. झडप उघडी होती का मिटलेली? तार जागेवर असंल, तर मी थांबलो नव्हतो. आधीच सुटलेली असंल, तर थांबलो होतो. तुमी बघितलंच असनार."

बळवंतनं तोंड उघडलं. 'घट्ट होती' एवढे दोन शब्द होते. पण ते जिभेवर आणण्याआधी तो आठवायला गेला, आणि आठवेना. अंगण आठवत होतं. हवालदाराच्या शर्टावर घामाचा डाग होता तो आठवत होता. आत त्याची बोटं काय करत होती ते त्यानं पाहिलंच नव्हतं. पकड घातली, तार कापली, मुठीत आली. पीळ शाबूत होता का? झडप कापल्यावर मिटली, की आधीच मिटलेली होती? त्यानं अंगठा आणि बोट जुळवून पाहिलं, तशीच पकड धरल्यासारखं करून पाहिलं. बोटांना काम पाठ होतं, म्हणून बोटांनी काही ध्यानात ठेवलं नव्हतं. मुठीतली तार टाकताना तरी बघायची होती. तीही बघितली नव्हती.

इतके दिवस ज्याच्या जोरावर तो उठत होता ते त्याला कधी ठाऊकच नव्हतं. त्याला फक्त तसं वाटत होतं.

खोटं बोलता आलं असतं. आयुष्यभर न बघता 'आहे, आहे' म्हणत आला होता, आणखी एकदा म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? पण प्रीतम त्याच्याकडे बघत होता, आणि ते बघणं असं होतं की बळवंतला खोटं बोलवेना.

"बघितला नाय रे," तो शेवटी म्हणाला. "मी हवालदाराकडं बघत होतो."

प्रीतमनं मान हलवली. कुबडी काखेत घेतली, भिंतीला हात लावून उठला आणि एकेक पाऊल सांभाळत आत गेला. बळवंत मदतीला उठला नाही. आता हात कुठल्या हक्कानं पुढे करायचा हे त्याला कळेना.

आत कीर्तीनं दबल्या आवाजात विचारलं, "काय म्हणाले? गाडी थांबली होती का नव्हती?"

"त्यांना पन म्हाईत नाय," प्रीतम म्हणाला.